आधी हवा, मग वेग: मालवणच्या खाऱ्या हवेत नायट्रो ट्रक

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. 'रील्समध्ये धूर सोडत उड्या मारणारा तो छोटा ट्रक दिसतो, नायट्रोवाला. सेकंडहँड मिळतोय. घेऊ का?' तर आजचा अख्खा भाग त्याच प्रश्नावर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्या, पण तुम्ही कुठे राहता ते बघून घ्या. मी मालवणात राहतो. इथे समुद्र आहे, दमट हवा आहे, जांभ्याची तांबडी धूळ आहे. या तिघांना नायट्रो इंजिन फार आवडतं, म्हणजे खायला. त्यामुळे आपल्या किनारपट्टीवर या छंदात पहिला पैसा वेगावर नाही, हवेवर घालायचा. इंजिनात कुठून हवा शिरते, कसली शिरते, किती शिरते. एवढं सांभाळलं तर गाडी टिकते. नाहीतर एका पावसाळ्यात शोपीस.

हे इंजिन जळतं कसं?

माझा ट्रक आठास एक मापाचा आहे. चार चाकांना ताकद, मागे साडेतीन सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. बोटभर सिलिंडर, पण ते मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास जातं. आपली स्कूटर त्याच्या जवळपासही फिरकत नाही.

यात नेहमीचा स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तारेची गुंडाळी. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावून लाल करायचं. इंजिन लागलं की सेल काढायचा, तार आपली आपण तापलेली राहते. कारण मिथेनॉल प्लॅटिनमला भेटलं की रासायनिक क्रिया होते आणि उष्णता तयार होते, वर दाबाची उष्णता असतेच. रे आर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४०च्या दशकाच्या शेवटी हा प्लग बाजारात आणला आणि खेळण्यातल्या विमानांचा अख्खा धंदा बदलला. बॅटरी, कॉइल, सगळं वजन एका झटक्यात गेलं.

इंधनात तीन गोष्टी असतात. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. गाड्यांना नायट्रोमिथेन साधारण २० टक्के चालतं, कमी-जास्तही मिळतं. तेलात सिंथेटिक असतं आणि बऱ्याचदा एरंडेलही असतं. हो, आजीचं एरंडेल! पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांनाही हेच तेल लागायचं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर, म्हणजे एरंडेलावरूनच आलंय. आणि जगात सगळ्यात जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातली बरीचशी गुजरातेत.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास. आणि नायट्रोमिथेनला दोन ग्रॅमपेक्षाही कमी, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमध्ये, तेवढ्याच हवेत, कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. ताकद तिथून येते.

पण या इंजिनाला वेगळं ऑइल नाही. जे काही वंगण मिळतं ते इंधनात मिसळून येतं. थंडावाही बराचसा त्या ओल्या इंधनानेच मिळतो. म्हणजे इंधन थोडं कमी पडलं, की तेल कमी आणि थंडावाही कमी. दोन्ही एकदम. यालाच 'लीन' होणं म्हणतात. लीन इंजिन सुरुवातीला मस्त पळतं, आवाज तीक्ष्ण होतो, अंगावर काटा येतो. तो आवाज म्हणजे इंजिन मरायला लागल्याचा आवाज आहे.

माळ्यावरचा ट्रक

माझा ट्रक मामेभावाचा. डोंबिवलीला त्याच्या घरी माळ्यावर दोन वर्षं पडून होता, टाकीत थोडं इंधन तसंच. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी आणि जळलेल्या इंधनाचे आम्लधर्मी अवशेष मिळून आतली बेअरिंग खातात. ट्रक माझ्याकडे आला तेव्हा फ्लायव्हील हलत नव्हतं.

जाम इंजिन जोर लावून फिरवायचं नाही. पुल-स्टार्टची दोरी ओढणं तर नाहीच नाही. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्हला आतून क्रोमचा मुलामा, आत ॲल्युमिनियमचा पिस्टन, आणि स्लीव्ह वरच्या टोकाला जरा निमुळती. थंड असताना पिस्टन वर मुद्दाम अडतो, गरम झाल्यावर स्लीव्ह फुलते आणि माप बरोबर जुळतं. ते माप एकदा घासलं गेलं की संपलं. पिस्टन आणि स्लीव्हची जोडी बाहेरून मागवायची, कस्टम भरायची, महिना-दोन महिने वाट बघायची. म्हणून इंजिन वाचवणं हाच खरा खेळ.

प्लग काढून आत गंजावरचं पातळ तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी हेअर ड्रायरने वरचा भाग तापवला आणि हाताने फ्लायव्हील हळूहळू पुढे-मागे. वीसेक मिनिटांनी सुटलं. उघडल्यावर स्लीव्ह चांगली निघाली, मागचं बेअरिंग मात्र गंजून तपकिरी.

ही बेअरिंग ठोकून काढायची नसतात. इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं. रबराचे, प्लॅस्टिकचे भाग आधी काढायचे, मग बॉडी ओव्हनमध्ये साधारण दीडशे अंशांवर तापवायची. ॲल्युमिनियम जास्त फुलतं. लाकडावर हलकं आपटलं की बेअरिंग आपोआप बाहेर. नवं बसवतानाही तसंच. आईचा केकचा ओव्हन वापरू नका, जुना वेगळा ठेवा. इंधनाचे अवशेष जेवणाच्या भांड्याजवळ नकोत.

गळती शोधा

जोडून झालं, इंजिन लागलं, आणि नवीनच तऱ्हा. रिकामं चालताना कधी शांत, कधी एकदम किंचाळायचं. सुई फिरवली की पाच मिनिटं बरं, परत तेच. दिवसभर कोड डीबग करतो, त्यामुळे सवय आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. प्लग बदलला, फरक नाही. इंधन ताजं घेतलं, फरक नाही.

मग ट्रक उचलून जेटीजवळ एका काकांकडे नेला. होड्यांची आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतात. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांच्याकडे इंजिनांची रांग. मला वाटलं हसतील. त्यांनी मिनिटभर डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्यां खेळणां नाय रे, ह्यां टू-स्ट्रोक हा. वारो ओढता खयसून तरी. आधी आवाज आयक, मगे स्क्रू फिरव."

वारो ओढता. म्हणजे कार्ब्युरेटर सोडून दुसऱ्याच फटीतून हवा आत जातेय. टू-स्ट्रोकमध्ये खालच्या पोकळीतही हवा-इंधन खेळत असतं, त्यामुळे तिथली केसाएवढी फटही मिश्रण बिघडवते. तुम्ही कितीही सुई फिरवा, ती फट तुमचं गणित रोज चुकवणार.

तपासायची रीत सोपी आहे. पिस्टन खाली आणायचा, कार्ब्युरेटरचं तोंड बोटाने बंद करायचं, एक्झॉस्टच्या तोंडाला घट्ट नळी बसवून सायकलच्या पंपाने हलकी हवा द्यायची, आणि सांध्यांवर साबणाचा फेस ब्रशने लावायचा. जिथे बुडबुडे तिथे गळती. पुढच्या बेअरिंगपाशी थोडे येतातच, ते चालतात. माझ्याकडे मागच्या झाकणाला आणि कार्ब्युरेटरच्या मानेला बुडबुडे आले. नवीन ओ-रिंग, उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ थर, चोवीस तास सुकवलं. किंचाळणं बंद.

टाकी विसरू नका. एक्झॉस्टमधून एक नळी टाकीत जाते, तिच्या दाबाने इंधन पुढे ढकललं जातं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की दाब जातो आणि इंजिन लीन. दहा रुपयांचं रबर हजारो रुपयांचं इंजिन मारतं.

सुया आणि आपली हवा

कार्ब्युरेटरवर मुख्य सुया दोन. एक वरच्या वेगाची, एक खालच्या. घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, उलट फिरवली की जास्त. घड्याळाच्या तासाएवढं, म्हणजे एक बारांश फेरी, एका वेळी तेवढंच.

खालच्या सुईसाठी चाचणी आहे. इंजिन गरम करा, रिकामं चालू द्या, इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंद चाललं, आवाज किंचित चढला आणि मग बंद पडलं, तर बरोबर. लगेच विझलं तर लीन. फार वेळ चढत राहिलं तर इंधन जास्त. वरच्या सुईसाठी पूर्ण वेगात मागे धुराची रेघ दिसलीच पाहिजे, आणि डोक्याचं तापमान साधारण १०० ते १३० सेल्सिअसच्या मधे. तापमान मोजायची छोटी इन्फ्रारेड बंदूक मिळते. पहिली खरेदी ती करा.

आता कोकणाची गोष्ट. डिसेंबरच्या सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, गार आणि कोरडा. हवा दाट, ऑक्सिजन जास्त, म्हणजे कालची सुई आज लीन. सुई उघडायची. मे महिन्याच्या दुपारी हवा गरम आणि पाण्याने भरलेली, ऑक्सिजन कमी, तेच मिश्रण आता जाड पडतं, ट्रक घुसमटल्यासारखा चालतो. तेव्हा थोडी बंद करायची, पण तापमानावर डोळा ठेवून. यूट्यूबवर कुणी कॅलिफोर्नियात बसून 'अडीच फेऱ्या उघडा' सांगतो, ते तिथल्या हवेसाठी. माझ्या वहीत तारीख, वेळ, हवा आणि सुई असे चार रकाने आहेत.

अपग्रेड कुठले?

मोठं इंजिन, मोठा पाईप, रंगीत ॲल्युमिनियमचे हात, हे सगळं शेवटी. माझा क्रम असा होता.

पहिला एअर फिल्टर. दोन थरांचा स्पंज, त्यावर फिल्टर तेल. जांभ्याची धूळ फिल्टरमधून आत गेली तर पिस्टन आणि स्लीव्हमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. दर खेपेला धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं.

दुसरा, रिसीव्हरचं फेलसेफ आणि थ्रॉटलला परत ओढणारी स्प्रिंग. सिग्नल तुटला, बॅटरी संपली, तरी गाडी ब्रेक लावून थांबली पाहिजे. पाच किलोचा ट्रक ताशी साठने सुटला तर तो खेळणं राहत नाही, कुणाचा तरी पाय मोडेल.

तिसरा, चाकांची रबर सील असलेली बेअरिंग आणि ताकदवान स्टिअरिंग सर्व्हो. चौथा, डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल. पुढे जरा जाड, मागे पातळ, म्हणजे वळणातून बाहेर येताना ट्रक सरळ ओढतो. क्लचची घंटी आणि तिची बारीक बेअरिंग वरचेवर बदलावी लागते, ते अपग्रेड नाही, रेशन आहे.

आणि प्रत्येक खेप संपली की उरलेलं इंधन जाळून टाकी कोरडी, इंजिनात आफ्टर-रन तेलाचे काही थेंब, फ्लायव्हील हाताने दहा फेऱ्या. मुंबईत एखाद दिवस चुकलं तर चालेल. मालवणात नाही.

चिरेखाणीतली रेस

पळवायचं कुठे? पहिला मोह तारकर्लीच्या वाळूचा होतो. नको. खारी वाळू गिअरमध्ये, बेअरिंगमध्ये, फिल्टरमध्ये. आणि आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे कसलीच गाडी नको, छोटीसुद्धा.

आम्हाला जागा मिळाली एका बंद पडलेल्या चिरेखाणीत, मालकाला विचारून. घराचे चिरे काढून झालेली खाण. खाली सपाट कातळ, चारी बाजूंनी भिंती, गाडी सुटली तरी बाहेर जात नाही. वस्तीपासून लांब, आवाजाची तक्रार नाही. पावसाळ्यात तळं होतं, म्हणून हंगाम नोव्हेंबर ते मे.

मोठ्या जगात याच मापाच्या बग्गींची जागतिक स्पर्धा आहे, आयएफएमएआर नावाची संघटना घेते. ऑफ-रोडची पहिली १९८६ मध्ये झाली. इंजिन साडेतीन सीसी, टाकी १२५ मिली, आणि फायनल तब्बल एक तासाची. टाकी काही मिनिटांतच संपते, त्यामुळे फायनलमध्ये पुन्हा पुन्हा पिटमध्ये यावं लागतं. म्हणजे तिथेही नुसता वेग पुरत नाही. पिटमधला माणूस, इंधनाचं गणित आणि तासभर न विझणारं इंजिन लागतं.

आमची रेस वीस मिनिटांची. सहा गाड्या, दोन गोव्याहून, एक कोल्हापूरहून. नवव्या मिनिटाला मी दुसरा होतो. पिटमध्ये मामेभाऊ. इंधन भरताना त्याने बंदूक लावली: १३८. सकाळी सुई लावली तेव्हा हवा दमट होती, दहा वाजता वारा फिरला आणि कोरडा झाला. तो म्हणाला, "सुई उघडू? अर्धी फेरी जाईल." ट्रक आवाजाने सांगत होता की मी आज सगळ्यात वेगवान आहे. आणि मला तो आवाज माहीत होता.

मी उघड म्हटलं. एक तास. अर्धी नाही, पूर्ण फेरी गेली, कारण इंजिन विझलं आणि परत लावावं लागलं. मी तिसरा आलो. दुसरा आलेला माझ्यापुढे फक्त काही सेकंद होता. घरी जाताना भाऊ दोनदा म्हणाला, नसती उघडली तरी चाललं असतं. कदाचित चाललं असतं. पण त्या रात्री स्लीव्ह काढून बघितली, एक ओरखडा नव्हता, आणि पुढच्या रविवारी मी परत खाणीत होतो. पार्सलची वाट बघत घरी नव्हतो.

इंधनाबद्दल गंभीरपणे

आता हसणं बाजूला. मिथेनॉल विष आहे. काही घोट पोटात गेले तर डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १००हून जास्त माणसं गेली, ते हेच मिथेनॉल. नाव आपल्या मालवणीसारखंच, म्हणून मला ती बातमी कधी विसरता येत नाही.

म्हणून इंधन मूळ डब्यातच, लेबलसकट, कुलुपात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही. भरताना नायट्राइलचे हातमोजे, मोकळी हवा. चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय नको, थेट हॉस्पिटल, आणि 'मिथेनॉल' हा शब्द डॉक्टरांना सांगायचा. दुसरं, मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही. गाडीला आग लागलीय हे तुम्हाला प्लॅस्टिक वितळताना कळेल. पिटमध्ये अग्निशामक आणि ओलं गोणपाट हवंच. आणि हे ज्वालाग्राही द्रव्य आहे, बसच्या डिकीत किंवा साध्या कुरिअरने गुपचूप पाठवायचं नाही.

मग इलेक्ट्रिक का नाही?

प्रामाणिक उत्तर: बहुतेकांनी इलेक्ट्रिकच घ्यावी. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आल्यापासून वेगात नायट्रोला फारसं काही सांगण्यासारखं उरलेलं नाही. चार्ज करा, पळवा, पुसून ठेवा. शेजारीही खूश.

नायट्रो त्यांनी घ्यावी ज्यांना पळवण्याइतकंच उघडणं आवडतं. सेकंडहँड बघायला जाल तेव्हा चार गोष्टी करा. प्लग काढून फ्लायव्हील फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलीत. प्लग परत लावून थंड इंजिन फिरवा, वर पिस्टन अडला पाहिजे, सहज गेला तर स्लीव्ह संपलीय. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा, आत तांबडी धूळ दिसली तर नमस्कार करून परत या. आणि मालकाला विचारा, शेवटचं आफ्टर-रन तेल कधी घातलं? तो 'कसलं तेल?' म्हणाला तर किंमत निम्मी करा.

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि ती विचित्र वागत असेल, तर फोटो नको, आवाज पाठवा. तीस सेकंद रिकामी, तीस सेकंद रेसमध्ये. त्यातले चार-पाच जेटीवरच्या काकांना ऐकवतो आणि पुढच्या भागात त्यांचं निदान तुम्हाला सांगतो. तोपर्यंत टाकी कोरडी ठेवा. भेटूया!